ईथर उडालं तो उन्हाळा

अंड्यांचा बलक मी इतका फेटला, की अफझलगंजातल्या कोंबड्या मला पाहून खुराड्यात शिरत. घरात अंडं चालत नव्हतं. बायको मला दारातूनच न्हाणीत पिटाळी. बलकातून लेसिथिन काढायचं, म्हणजे जिच्यापासून पेशीचं पटल बनतं ती फॉस्फरसवाली चरबी. तिच्यावर नागाच्या विषातलं एन्झाइम सोडायचं. ते लेसिथिनचा एक पाय, म्हणजे चरबीची एक शेपटी, तोडतं. किती तोडले, ते मोजायचं. हे सगळं ईथरमध्ये. आणि हैदराबादच्या मे महिन्यात ईथर आपलं आपणच उकळतं. बूच काढलं की पार हिमायतनगरापर्यंत माणसं जांभया देत.

हैदराबाद राज्याची भाषेवरून तीन राज्यांत वाटणी झाली होती आणि मी मराठी म्हणून औरंगाबादेच्या कॉलेजाच्या वाट्याला गेलो होतो. शनिवारी इथून मोकळं व्हायचं. प्रयोगाच्या दोन खेपांचे आकडे जुळले होते. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तिसरा जुळला की प्रबंध पुरा. तिकडं तुम्हाला साधी परीक्षानळी मिळायची नाही. उरकून घ्या."

लेसिथिन एकाच खेपेपुरतं उरलं होतं. शनिवारी पहाटे सायकलवर बर्फाची लादी आणली. निम्मी बरकतपुऱ्याच्या रस्त्यानंच पिऊन टाकली. ईथरमध्ये लेसिथिन आणि विष घालून फ्लास्क बर्फात ठेवला. दहाच्या सुमारास ईथर गढुळलं, तळाशी पांढरं बसू लागलं. पाय तुटत होते! आमचे शिपाईचाचा आणखी बर्फ आणायला गेले, तेवढ्यात कचेरीतून बोलावणं आलं: मोकळं झाल्याच्या कागदावर आत्ता सही करा, नाहीतर सोमवारी पगारच बंद.

सहीला तास लागला. परत आलो तर बर्फाचं पाणी, बूच खिडकीत, फ्लास्कमधलं सगळं छताला. चाचा दारातच उभे. "पटाखा फुटे सरीका आवाज आया, साब. मैं समझा तुम गए."

सरांनी विचारलं, "तिसरा आकडा?"

पहिले दोन तोंडपाठ होते. त्यांच्या मधला एखादा मी एरवी पान चघळता चघळता ठोकून दिला असता. तीन फुटांचा नाग बाजारात सांगताना नऊ फुटांचा करणारा मी माणूस. पण अंगात तेवढंही त्राण नव्हतं.

"उडाला, सर."

"तुमच्या तोंडून एवढी छोटी गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय," ते म्हणाले. मग प्रबंधाच्या कागदांना दोरी बांधून गठ्ठा माझ्या हातात दिला. "तिकडं ईथर मिळतं का बघा."

बघितलं. दोन वर्षं बघितलं. मग गठ्ठा ट्रंकेत गेला आणि मी पोरांना आम्ल आणि अल्कली शिकवू लागलो.