आडनावाचा रकाना मी टाकणार नाही

मंडळी, आज क्लासमध्ये सरांशी माझं वाजलं.

दादरला मी ॲप बनवायला शिकतेय. प्रोजेक्ट म्हणून भाड्याची खोली शोधायचं ॲप केलंय. सरांनी ते मोबाइलवर चालवून बघितलं आणि म्हणाले, "डिझाइन मस्त आहे गं, पण आडनाव कुठे भरायचं?"

"नाही ठेवलं सर. नाव आणि नंबर पुरतो."

"अगं, घरमालक आधी तेच विचारतात. रकाना टाक आणि कंपल्सरी कर. भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये."

काय विचारतात ते मला चांगलं माहितीय. लोअर परळची चाळ सोडून आम्ही खोली शोधत होतो, तेव्हा बाबांनी आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी "कालच गेलेली" असायची. हे मी सगळ्या वर्गासमोर बोलले.

सरांनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "मार्क कापावे लागतील."

म्हटलं, कापा.

ज्याला विचारायचंय त्याने माझ्या बाबांच्या डोळ्यांत बघून विचारावं. ते काम सोपं करून द्यायला मी ॲप शिकत नाहीये.

तुमच्याकडे खोली बघायला कोणी आलं, तर तुम्ही पहिलं काय विचारता? खरं सांगा.