भाऊसाहेबांचा राखाडी फोटो

"मी मेलोय का रं? हात लावून बघ. लाव की!"

मंगल कार्यालयाचे मालक भाऊसाहेब माझ्या राहात्याच्या ऑफिसात टेबलावर दोन्ही मुठी टेकून ओरडत होते. माणूस म्हणजे साखर कारखान्याचा बॉयलर. मी हात लावला नाही. माझे हात टेबलाखाली एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

झालं होतं असं. त्यांची वेबसाईट मी केलेली. फोटोचे रंग बदलायला आम्ही लायब्ररी वापरतो, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड. त्यात सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा. शून्यावर फोटो जसाच्या तसा. उणे एकवर सगळा रंग गायब. काल संध्याकाळी मी भाऊसाहेबांचा फोटो उणे एकवर ठेवला. माऊसचा बाण वर नेला की रंग भरायचा. लॅपटॉपवर इतकं देखणं दिसायचं, की मीच तासभर त्यांच्या मिशीवरून बाण फिरवत बसलो.

मोबाईलला माऊस नसतो, हे डोक्यातच आलं नाही. तिथं भाऊसाहेब कायमचे राखाडी. अन् आपल्याकडं रंगीत फोटो वाढदिवसाचा, राखाडी फोटो श्रद्धांजलीचा. सकाळी त्यांच्या दारात अर्धा तालुका लोटला. एक टेम्पो तर भजनी मंडळ घेऊनच आला.

"उद्या लग्न हाय कार्यालयात," भाऊसाहेब म्हणाले. "पोरीचा बाप खर्डा गावचा. म्हनतो, मालक गेले, आता तिथं अक्षता टाकनार न्हाई. दुसरं कार्यालय बघतोय. ते लग्न गेलं, तर तुझाच फोटो राखाडी करतो."

"तुम्ही स्वतः बोललात का त्यांच्याशी?"

"बोललो. म्हनला, आवाज अगदी वडलांवर गेलाय तुमचा."

मला असा घाम फुटला, की त्यावर पेरूची एक बाग भिजली असती. मी उणे एक खोडून शून्य टाकायला गेलो. शून्याची कळ दाबूनच धरली. ओळभर शून्यं पडली. ती पुसली, एक ठेवलं. मोबाईल उघडला. भाऊसाहेब अजून राखाडीच.

त्यांनी जाऊन दाराला आतून कडी घातली.

"कॅश आहे," मी कसाबसा म्हणालो. "मोबाईल जुनी फाईल साठवून ठेवतो."

"मग काढ ती."

मी फाईलचं नावच बदललं, म्हणजे मोबाईलला नवीन आणावीच लागते. अन् भीतीपोटी सॅच्युरेशन शून्याच्याही वर नेलं. भाऊसाहेबांचे गाल डाळिंबासारखे फुटले. खर्ड्याला फोन लावला, स्पीकरवर.

"वेबसाईट उघडा बरं पुन्हा," मी म्हणालो.

पलीकडं त्यानं वेबसाईट उघडली.

"व्हय, हायेत की," पोरीचा बाप म्हणाला. "तब्येतबी लई सुधारलीय. येतो आमी उद्या."

भाऊसाहेबांनी कडी काढली. वारा आत आला, तसा माझ्याही जीवात जीव आला.

"पण भाऊसाहेब, लॅपटॉपवर फार छान दिसत होतं."

"लग्नं मोबाईलवर ठरत्यात," ते म्हणाले.