कोमट पाण्याचा टप

आमच्या ब्राह्मणपुरीत बाईला मूळव्याध होत नाही. निदान सासूबाईंच्या मते तरी नाही. शहाद्याच्या दवाखान्यातून मी घरी येण्याआधीच त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं होतं, की सुनेची गर्भपिशवी काढली. पिशवी काढलेली अब्रूदार, मूळव्याध मात्र चार लोकांत तोंड दाखवायला जागा ठेवत नाही.

झालं, बायकांची रीघ लागली. येईल तिच्या हातात डिंकाचे लाडू. ते खाल्ले असते तर दुसऱ्या दिवशी संडासात माझा जीवच गेला असता. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुखणं चढायच्या आत गोळी घ्या, रात्री इसबगोल घ्या आणि पोट साफ झालं की कोमट पाण्याच्या टपात बसा. टपात बसलं की तेवढा वेळ तरी जिवाला बरं वाटायचं. पण पिशवी काढलेली बाई टपात कशाला बसेल? म्हणून सासूबाईंनी टप माळ्यावर टाकला आणि मला ओटीवर पाहुण्यांसमोर खाटेवर बसवलं, तेही मांडी घालून.

"गोया जास्ती नको खाऊ, गरम पडतस," प्रकाशा गावाहून आलेल्या मावससासूबाई उशाशी ठेवलेल्या गोळ्यांकडे बघत म्हणाल्या. एखादीला कळत नसेल तर समजू शकते, पण या बायका आपलं अज्ञान डब्यात भरून घरोघर वाटत फिरतात. मला खाली चिरल्यासारखं होत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि यांचं आपलं चाललेलं, कंबर धरते का?

शेवटी माझं डोकं फिरलं. "पिशवी जागावरच शे," मी म्हणाले. "मन्हं मूळव्याधनं ऑपरेशन व्हयेल शे. टप काढी द्या."

सासूबाईंनी टप खाली आणून आदळला. मी पाणी तापवलं, मोरीचं दार लावलं आणि ठणका उतरेपर्यंत बसून राहिले. आता ओटी रिकामी झाली असेल, असं वाटलं होतं. बाहेर येऊन पाहते तर सगळ्या जागच्या जागी.

मावससासूबाई तोंडाला पदर लावून माझ्या कानाशी आल्या. "पानी कितलं गरम करनं पडस?"

मला दया आली नाही, संताप आला. मी मुद्दाम मोठ्याने सांगितलं, कोपर बुडवून बघायचं, सोसेल इतकंच गरम. ओटीवरची एकही बाई उठली नाही.

स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई पाठ करून उभ्या होत्या. "आनि बसनं कितला येळ?" त्यांनी विचारलं.