हाताने उतरणारी काच

महाडला हायवेलगत गाड्यांचं वायरिंग करणारा एक माणूस होता, मूळचा कुडपणचा. कुठलीही वायर तोडण्याआधी तिच्यावर बोट ठेवून तो पुटपुटायचा, "तू कुठं जातेस गो?" दुसरं टोक सापडेपर्यंत पकडीला हात लावत नसे.

माझ्या जुन्या फियाटला कॅसेट प्लेअर आणि एसी त्यानेच बसवला. पुढे आईची बोटं संधिवाताने आखडली, तेव्हा मी त्याच्याकडूनच चारही काचांना मोटरी बसवून घेतल्या. बटण दाबलं की काच खाली. आई खूश झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न बोलावता घरी आला आणि आईच्या बाजूची मोटर काढून जुनं हँडल परत बसवू लागला. मी चिडलो. "अहो, तिच्यासाठीच तर केलं हे सगळं!"

"सर, पावसात सावित्री नदीचं पाणी गावात शिरतं. गाडी त्यात सापडली तर दार दाबानं उघडत नाय, आन् बॅटरी भिजली का बटणाचा काय उपेग नाय. आईंची एक तरी काच हातानं उतराय पायजे."

त्याने हँडलला भरपूर ग्रीस लावलं आणि आईला गाडीत बसवलं.

"उतरवा काच."

आईने दोन्ही हातांनी हँडल फिरवलं. काच पार खाली जाईपर्यंत तो तिच्या मनगटांकडे बघत होता.

"आता वर घ्या," तो म्हणाला, "आन् परत उतरवा. भ्यायल्यागत, घाईनं."