नानांचा रेनकोट आणि फिलू मावशीचा टेबलक्लॉथ

ऐन मे महिन्यात वसईला कोण जातं? ज्यांच्या घरी तिकडे लग्न आहे ते, आणि ज्यांचं डोकं फिरलंय ते. आमच्या घरी लग्न नव्हतं.

नाना म्हणजे माझे वडील. नाशिकला त्यांनी पंचेचाळीस वर्षं शिंपीकाम केलं. सहा वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला, सुईत दोरा ओवता येईना, आणि त्यांनी मशीनवर चादर टाकली ती टाकलीच. तेव्हापासून गॅलरीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या कॉलरींमध्ये चुका काढणं हा त्यांचा दिनक्रम. बोलून दाखवत नसत, पण माणूस आतून मिटत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी माझा रेनकोट खांद्यातून गळला. नानांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कापड चांगलंय. सुईच्या भोकांतून गळतंय." शर्टाच्या कॉलरीत बकरमचं जे ताठ कापड घालतात, त्याला मागून डिंक असतो. इस्त्री फिरवली की तो वितळतो आणि कापडाला धरतो. तसाच डिंक वापरून रेनकोट जोडला तर? टाका नाही, म्हणजे भोक नाही, म्हणजे गळती नाही. पुढची दोन वर्षं आमच्या स्वयंपाकघरात डिंक वितळत होता. माझा पोळ्यांचा तवा त्यात कामी आला, दुधाचं पातेलंही गेलं. पण शेवटी एकही टाका नसलेला निळा रेनकोट तयार झाला. नानांच्या मते असला रेनकोट जगात दुसरा नव्हता.

वसईजवळ कामणला रेनकोट बनवणारा एक कारखाना आहे असं कळल्यावर मी फोन केला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "शुक्रवारी अकराला या, पण सँपल घेऊनच या." त्या फोननंतर नानांनी तीन वर्षांत पहिल्यांदा केस कापून घेतले.

आता रस्त्याविषयी, कारण तुमच्यापैकी निम्मे जण तेवढंच वाचायला आलेले असतात. नाशिकहून पहाटे निघा. कसारा घाट, शहापूर, पडघा इथपर्यंत गाणी म्हणत जाता येतं. भिवंडीच्या अलीकडे चहा घ्या, कारण पुढे हातात कप धरता येणार नाही. अंजूरफाट्यापासून कामण-चिंचोटीपर्यंतचा रस्ता गोदामांच्या ट्रकांनी खाऊन टाकलाय. खड्डा चुकवला की दुसरा खड्डा, आणि तो चुकवला की समोर कंटेनर. नाना मागच्या सीटवर रेनकोटची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. दर खड्ड्याला मला ऐकू यायचं, "सावकाश गं, चुरगळेल."

मुक्काम वसईत, पास्कोल काकांकडे. काका तरुणपणी नाशिकला शाळेत शिक्षक होते आणि त्यांच्या लग्नाचा सूट नानांनी शिवला होता. घरामागे केळीची आणि फुलांची छोटी वाडी, विहीर, पंप. दारात पाऊल टाकलं तर काका तोच सूट घालून उभे! मे महिन्यात, घामाने निथळत.

"बघा मास्टर, अजून एक टाका नाय उसवला."

नानांनी काकांना गोल फिरवून पाहिलं. "टाके ठीक आहेत. माणूस उसवलाय."

काकांची पत्नी फिलू मावशी आतून ओरडली, "अहो, काढा तो कोट, चक्कर येऊन पडाल!" जेवायला तिने फुगे आणि कोंबडीचं कालवण केलं होतं. फुगे म्हणजे खमीर घालून तळलेले गोल गोळे. मी सहा खाल्ले आणि मग मोजणं सोडून दिलं. टेबलावर मधोमध बशीत सुकेळी होती. ही इथली वाळवलेली केळी, मधात बुडवल्यासारखी लागतात, बाजारातून जरूर घ्या. त्या बशीखाली पांढराशुभ्र क्रोशाचा टेबलक्लॉथ होता. मावशीने तो अख्खं वर्ष खपून विणला होता, कारण रविवारी चर्चमध्ये नातीचं पहिलं कम्युनियन होतं आणि शंभर माणसं जेवायला येणार होती. "उद्या घडी करून ठेवेन," ती म्हणाली, "आज तुम्हाला दाखवायला टाकलाय."

संध्याकाळी रेनकोटची परीक्षा घ्यायचं ठरलं. काकांची सूचना होती, चिंचोटीच्या धबधब्याखाली उभं राहायचं.

"मे महिन्यात तिथे पानी कुठंय?" मावशी म्हणाली. "दगड बघायला जाता का?"

तुम्हीही हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात चिंचोटीला फक्त दगड असतात, आणि पावसाळ्यात जायचं तर आधी बंदी आहे का ते विचारून जा, तिथे माणसं बुडतात. आम्ही विहिरीवरच्या पंपावर भागवलं. रेनकोट अंगात घालून केळीत उभं राहण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. काकांनी पंप सुरू केला आणि जाडजूड पाइप माझ्यावर धरला. नाना माझ्याभोवती फिरत होते. "बगल? बगलेत आलं का? खांदा बघ, खांदा!" दहा मिनिटं मी भिजले ती फक्त गुडघ्याखाली आणि नाकातोंडात. आत एक थेंब नव्हता. नाना केळीच्या बुंध्याला टेकून उभे राहिले आणि नुसते हसत राहिले. मी जन्मात त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवारी सकाळी मी वसईच्या किल्ल्यात फिरून आले. ऊन चढायच्या आत जा, आठपर्यंत मस्त वारा असतो, पण पाणी बरोबर न्या. परत आले तर घरात शांतता. नाना जेवणाच्या टेबलाशी उभे, हातात इस्त्री.

शिंप्याचा एक धर्म असतो. कडक इस्त्री केल्याशिवाय कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही. पंचेचाळीस वर्षांत नानांनी तो एकदाही मोडला नव्हता. पंपाखाली रेनकोट चुरगळला होता, अकराला मॅडमना द्यायचा होता, आणि नानांनी सवयीने तो उलटा करून टेबलावर पसरला आणि इस्त्रीचा खटका सगळ्यात गरम, 'सुती'वर ठेवला. उष्णतेने चिकटणाऱ्या डिंकाची युक्ती स्वतःच शोधलेल्या माणसाने.

"नाना!" मी म्हटलं.

"झालंच," ते म्हणाले आणि रेनकोट उचलला.

रेनकोटबरोबर टेबलक्लॉथ उठला. टेबलक्लॉथबरोबर बशी उठली. सुकेळी जमिनीवर पडली. त्याच क्षणी फिलू मावशी चहा घेऊन आत आली.

तिने कप खाली ठेवला, कपाळ, छाती आणि खांद्यांना हात लावून क्रूस केला आणि खुर्चीत बसली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"बाय," काका हळूच मला म्हणाले, "कैची आणू का?"

"कैची नाही!" नाना गरजले. "खाकी कागद आणा."

पुढचा दीड तास मी कधी विसरणार नाही. नानांनी इस्त्री अगदी मंद केली. खाकी कागद ठेवायचा, वरून इस्त्री दाबायची, डिंक मऊ झाला की क्रोशा नखाने एकेक घर सोडवत ओढायचा. घाई केली तर धागा तुटणार, उशीर केला तर डिंक परत घट्ट. मी हात पुढे केला तर त्यांनी झटकला. तेव्हा माझं लक्ष गेलं. इस्त्रीवर ठेवलेला त्यांचा उजवा हात थरथरत नव्हता. तिचं वजन हाताला धरून ठेवत होतं. मी सुकेळी गोळा करायच्या निमित्ताने टेबलाखाली गेले.

टेबलक्लॉथ सुटला. एक कोपरा तेवढा पापडासारखा कडक राहिला. मावशीने तो वाजवून पाहिला. "इथे फुग्यांचं पातेलं ठेवेन," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. रेनकोटच्या पाठीवर मात्र क्रोशाची सगळी फुलं उमटली होती.

कामणला गोदामांच्या रांगांत गाळा शोधायला अर्धा तास धरा. सगळी शटरं सारखी, सगळ्या ट्रकांची तोंडं तुमच्याकडे. रिद्धी मॅडम तिशीच्या, कामात बुडालेल्या, पण वागायला चांगल्या. त्यांनी रेनकोट हातात घेतला, आतून पाहिला, फुलांवर बोट फिरवलं.

"काका, डिझाइन भारी आहे. पण एक दाखवू का?"

त्यांनी आम्हाला एका यंत्रापाशी नेलं. एक बाई कापड पुढे सरकवत होती, गरम हवेने पट्टीवरचा डिंक वितळत होता, रूळ दाबत होता, आणि न गळणारी शिवण सरसर बाहेर येत होती. पलीकडे टाका न घालता जोडलेल्या जॅकेटांचा ढीग होता.

नानांनी बाहेर आलेली शिवण उलटून पाहिली. मग विचारलं, "हे कधीपासून आहे?"

"काका, खरं सांगू? माझ्या जन्माच्या आधीपासून."

मला त्या यंत्राचा राग आला. मॅडमचा आला, माझा स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. फोन करण्याआधी शोधायला काय झालं होतं मला? नानांनी रेनकोटची घडी घातली, आणखी एक घातली, अगदी लहान पुडी होईपर्यंत. निघायचं म्हणून वळले आणि कोपऱ्यातल्या ढिगाशी थांबले.

"हे काय?"

"परत आलेला माल. पट्टी नीट बसली नाही, गळतात. फेकून देणार."

"दुरुस्त नाही करत?"

"कोण बसेल एवढा टाइम? लागलेली पट्टी काढायला जा, कापडाचं कोटिंग पण निघून येतं."

नानांनी बाह्या दुमडल्या. "इस्त्री आहे? आणि खाकी कागद?"

वीस मिनिटांत जुनी पट्टी अख्खी निघाली, कापडावर ओरखडासुद्धा नाही. दुसरी लावली. मॅडमनी ती शिवण पाण्याच्या दाबाच्या यंत्रात पकडली, काटा वर गेला, आम्ही सगळे वाकून थेंबाची वाट बघत राहिलो. थेंब आला नाही. "पुन्हा करून दाखवा," मॅडम म्हणाल्या. नानांनी पुन्हा केलं. तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "काका, नाशिक साइडचे ट्रेकर लोक मला सारखे फोन करतात, जुनं जॅकेट रिपेअर करून द्या म्हणून. मी 'नाही' सांगते. तुमचा नंबर देऊ?"

नाना माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांना स्वतःचा नंबर पाठ नव्हता.

परतीचा रस्ता तसाच होता. रविवारच्या जेवणाला मावशीने आग्रहाने ठेवून घेतल्यामुळे सोमवारी निघालो. गाडीत मॅडमनी दिलेली डिंकाच्या पट्टीची उरलेली रिळं, केळीचा लोंगर आणि पास्कोल काकांचा सूट होता. तो कमरेत सैल करायचा आहे.

गेल्या आठवड्यात नानांना डोळे तपासायला नेलं. तोवर घरात सात जॅकेटं आली होती. नव्या डॉक्टर होत्या, कागद भरत होत्या. "आजोबा, काय काम करता?" त्यांनी विचारलं. सहा वर्षं या प्रश्नाचं उत्तर मी देत आलेय, 'आता घरीच असतात.' मी तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले.

"कपडे शिवतो," ते म्हणाले. "सुईशिवाय."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, खरं का म्हणून. मी म्हटलं, "त्यांनाच विचारा."