बॅटरी संपायच्या आधी

गणूआजो आज पहाटे गेला. आरोंद्याला तोंड न दाखवताच गेला.

आजो म्हणजे माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. रेडी गावात एकटाच राहायचा.
मी कॉलेज अर्धवट सोडून फिरणारा. परत आलो की त्याच्याच पडवीत पथारी.

साठ सालाच्या आसपास आजो एका मोठ्या रेडिओ कंपनीचा सेल्समन होता. विजयदुर्ग ते आरोंदा, मधली सगळी गावं त्याची टेरिटरी. पायात बूट, गळ्यात टाय.
(त्या टायने पुढे त्याने भोपळ्याचा वेल बांधला. मी स्वतः पाहिलाय. असो, भरकटलो.)

तेव्हा गावांत वीज नव्हती. रेडिओ विटेएवढ्या बॅटरीवर चालायचा.
लोक विचारायचे, "बॅटरी संपली तर?"
"संपायच्या आधी मी दारात."

आणि खरंच असायचा. त्याच्या गिऱ्हाइकाचा रेडिओ कधी मुका झाला नाही. हीच त्याची जाहिरात.

मग ट्रान्झिस्टर आले. मॅनेजर म्हणाले, "जुन्या सेटच्या बॅटऱ्या आता बनणार नाहीत. त्याच घरांत नवा माल विका."
"साहेब, मी लोकांना शब्द दिलाय."
"शब्द तुमचा आहे. कंपनीचा नाही."

आजोने नोकरी सोडली. त्यानंतर आयुष्यात काहीच विकलं नाही. बागेतले नारळसुद्धा नाहीत.
त्या दारांवर जायची लाज वाटायची त्याला.

सगळ्यात जास्त लागलं आरोंद्याचं. बाबतीस म्हणून गिऱ्हाईक होतं, जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत.
एकदा शिरोड्याच्या बाजारात बाबतीस आणि त्यांचा मुलगा समोरून आले. आजोला बघितलं, माना फिरवल्या आणि मासळीच्या गर्दीत घुसले.

तेवढ्यावर आजो मेला म्हणा. श्वास आज थांबला.

मी कितीदा म्हटलं, "आजो, बस बाइकवर. आत्ता जाऊन येऊ."
"खंयच्या तोंडान जाव, मेल्या? फसवलंय मी तेंका."

आज दुपारी सगळं उरकलं. लोक घरी गेले. मी बाइक काढली ती थेट आरोंदा. का, ते माहीत नाही.

बाबतीस नाहीत, मुलगाही नाही. सून आहे, रोझीआजी. खूप म्हातारी. खाटेवर बसली होती.
आजोचं नाव सांगितलं, तर ती एकदम सरळ झाली.

"रेडिओवालो गणू? तेणा आमका माफ केल्यान काय रे?"

"माफ? कसलं, आजी?"

"माझ्या घोवान रेडिओचो कान पिळल्यान आणि रेडिओ मुको झालो. कधीच बंद पडलेलो नाय तो! आमका वाटला, ह्येणाच मोडल्यान. सासऱ्यान तेका सगळ्यांसमोर झोडपल्यान. बाजारात गणू दिसलो तर दोघय लपले. काय सांगतले? तुझी मशीन मोडली?"

मग म्हणाली, "मरेपर्यंत माझ्या घोवान कसल्याच मशीनीक हात लावक नाय. घड्याळाक चावीसुद्धा मीच देय."

"आजी, मोडला नव्हता तो. बॅटरी संपली होती."


"इतक्याच?"

"इतकंच."

"मगे गणू सांगूक कित्याक येवक नाय?"

"त्याला वाटलं, तुम्हीच रागावलात."

"खंय आसा तो? हाड तेका. आताच घेवन ये."

"आज पहाटे गेला, आजी."

ती भिंतीकडे वळली. रेडिओ तिथेच होता, धुतलेल्या फडक्याखाली. फडकं तिने काढलं नाही. मीही काढलं नाही.

खाडीवर बसून हे लिहितोय. घरी जावंसं वाटत नाही. त्या पडवीत आता कोण आहे?

आजो, कोणी तुझ्यावर रागावलं नव्हतं रे.
हे तुला सांगायला आता खंय जाव?

आरोंद्याचा आणि माझा, शेवटचा नमस्कार.