कातळावरची हजेरी

ज्या माणसाच्या परदेशातल्या राबण्यावर तुमच्या घराचे चिरे चढले, त्याने तिकडे नेमकं काय बांधलं, हे तुम्हाला सांगता येईल का? मला येत नव्हतं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. रत्नागिरीत अब्बांचा छोटा छापखाना होता. बुवाबाजीविरुद्धची, कामगारांच्या हक्कांची पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकलो. तरीही हे लिहितोय...

मी सौदीतल्या जिझानजवळ एका रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर आहे. अब्बांचे थोरले भाऊ, याकूबचाचा, याच भागात बंदराच्या कामावर मुकादम होते. इथेच वारले, इथेच दफन झाले. कबर घरच्या कोणी पाहिली नाही. मागे राहिली ती पत्रं. टोळीत लिहिता येणारे ते एकटेच, म्हणून सगळ्यांची पत्रं तेच लिहायचे. त्या पत्रांतली विहीर, बाभळीजवळचं वळण मी दर शुक्रवारी शोधत फिरायचो. एका पत्रात होतं – काळ्या टेकडीच्या माथ्यावर, जिथून समुद्र दिसतो, तिथल्या कातळावर आम्ही सातांनी नावं कोरली आहेत.

ती टेकडी आमच्याच रस्त्यात येत होती. आठवड्यात सुरुंग लागणार होता.

"लोक शुक्रवारी बिर्याणी खातात, तू दगड हुंगतोस," माझा रूममेट सलीम म्हणाला. म्हसळ्याचा आहे. पण गाडी त्यानेच काढली.

असरच्या नमाजाची वेळ, उन्हं कललेली. मी एकटाच वर चढलो. वारा पडलेला. कातळ सापडला... देवनागरीत सात नावं, शेवटचं याकूब. आनंद व्हायला हवा होता, झाला संताप. बंदरावर कंपनीची पाटी आहे, या सातांची नाही. त्या रागातच मी साइटवर घेतात तशी हजेरी घेतली.

"इब्राहिम."

"हाजीर," उतारावरून आवाज आला.

सलीमची मस्करी, असं वाटलं. "दाऊद." "हाजीर." हा आवाज म्हातारा. "शंकर." आधी खोकला, मग "हाजीर". सहा नावं, सहा वेगळे आवाज. उतारावर कोणी नाही.

"याकूब."

काही नाही. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडून मारली. ज्यांच्यासाठी आलो, तेच नव्हते. इतकं एकटं मला या देशात कधी वाटलं नव्हतं.

खाली उतरलो, तर सलीम टेकडीच्या पलीकडे, गाडीच्या काचा वर करून, एसी लावून बायकोशी फोनवर बोलत होता. "नावं? कसली नावं?"

मी अब्बांना फोन लावला.

"प्रतिध्वनी असेल," ते म्हणाले.

"प्रतिध्वनी नाव परत देतो अब्बा, उत्तर देत नाही. आणि चाचाच का नाही बोलले?"

अब्बा म्हणाले, "अरे, हजेरी भाईच घ्यायचे. त्यांचं नाव कोण पुकारणार? त्यांना ओ द्यायची सवयच नव्हती."

रिपोर्टमध्ये मी सातही नावं लिहिली. उत्तर आलं – 'नोटेड'. पुढच्या शुक्रवारी त्या कातळाच्या जागी खडी होती.

खुलासा माझ्याकडे आजही नाही. एकच करा. घरात आखातातलं जुनं पत्र असेल, तर बाहेर काढा. ज्याने पाठवलं त्याचं नाव मोठ्याने घ्या. ज्याने लिहून दिलं त्याचं माहीत असेल, तर तेही. आणि मग लगेच बोलू नका... त्याला थोडा वेळ द्या.